रामटेके काकांची लंका

माझी आई बिड्या वळायची. तिरोड्याच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या कडेला आमची वस्ती, आणि वस्तीतल्या प्रत्येक दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली एक बाई. सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं, बाजूला तंबाखू. पान उचलायचं, चिमूट टाकायची, वळायचं, धागा बांधायचा. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस यायचा आणि मनाला येईल तेवढा माल खराब म्हणून काढून ठेवायचा. त्याचा मोबदला नाही, आणि मालही परत नाही. बाबा भाताच्या गिरणीत पोती उचलायचे, पण पाठ गेली आणि ते घरी बसले. आमच्या घरी पंखा नव्हता. असता तरी लावता आला नसता, सगळी तंबाखू उडाली असती.

त्या घरात भरपूर अशी एकच गोष्ट होती, आईचं गाणं.

कोणी देईना इस्तो मायबाई, दारं लावली वं
बुद्धाच्या त्या दारी माझी चूल पेटली वं

इस्तो म्हणजे विस्तव. घरातली चूल विझली म्हणून एक बाई निखारा मागायला निघते. दारोदार फिरते, पण तिच्या हाती निखारा द्यायला कोणी तयार नाही. एकेक कडव्यात एकेक दार बंद होतं. तंबाखूच्या धुळीनं आईला दम लागायचा, त्यामुळे ती हे गाणं ओढून ओढून म्हणायची. एक ओळ म्हणायची, दोन बिड्या वळायची, मग पुढची ओळ. माझा सगळा अभ्यास त्या गाण्यात झाला. मी आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत, आईच्या आणि बाबांच्याही, पहिली ग्रॅज्युएट. हे मी लोकांना न विचारता सांगते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या डिग्र्या आहेत त्यांना ते बढाईखोर वाटतं. वाटू दे.

पण ही गोष्ट माझी नाही. रामटेके काकांची आहे.

मास्टर्सला न्यू जर्सीत आले तेव्हा नुवार्कच्या विमानतळावर एक उंच, किडकिडीत, कानटोपी घातलेले गृहस्थ 'जय भीम' लिहिलेला पुठ्ठा छातीशी धरून उभे होते. महाराष्ट्रातून आपल्या समाजातलं कुणी शिकायला येतंय असं कळलं की काका घ्यायला हजर. ओळख असो नसो. शेजारी काकू, हातात थर्मास. माझी बॅग डिकीत ठेवायला गेले तर तिथं बर्फ काढायचं फावडं आणि दुलईत गुंडाळलेलं काहीतरी.

"सांभाळून, सांभाळून!" काका ओरडले. "ढोलकी आहे ती. माझ्या बाबांची. थंडीत कातडं तडकते."

"ऑगस्ट चालू आहे," काकू म्हणाल्या.

"येईल ना थंडी!"

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. इथं राज्याच्या रस्तेखात्यात ट्रॅफिक सिग्नलचं काम करून रिटायर झालेले. कुठला दिवा किती वेळ लाल ठेवायचा, हे ठरवण्यात त्यांची नोकरी गेली. त्यामुळे त्यांच्या गाडीत बसलं की प्रत्येक लाल दिव्यावर टिप्पणी व्हायची. "हा उगाच थांबवतो." "हा कोणा शिकाऊ माणसानं लावला." आणि लाल दिवा लांबला की ते गाणं म्हणायचे. एका लाल दिव्यात एक कडवं बरोबर बसायचं. त्या पहिल्या दिवशीही तेच झालं. हायवेवरून उतरून आम्ही थांबलो आणि काकांनी स्टीअरिंगवर ठेका धरला.

"कोणी देईना इस्तो मायबाई..."

मी मागच्या सीटवरून अक्षरशः उसळले. "काका! हे माझ्या आईचं गाणं आहे!"

दिवा हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. काका मान वळवून माझ्याकडेच बघत होते.

"आईचं नाही पोरी. इस्तारीचं. शाहीर इस्तारीचं! तुझ्या आईला येते? कोणतं गाव तुझं? म्हण, म्हण!"

"आधी गाडी चालवा," काकू म्हणाल्या.

मी आईसारखं ओढून म्हटलं. काकांनी अर्ध्यातच थांबवलं. "छे छे. हे असं नाही. याले चाल आहे, उडती. ढोलकी पाहिजे, टाळ्या पाहिजेत. तुझ्या आईले ताल ठाऊक नाही."

आल्या आल्या कुणी माझ्या आईचं चुकलं म्हणावं, हे मला आवडलं नाही. "आमच्याकडे असंच म्हणतात," मी म्हणाले.

"तुमच्याकडे चुकीचं म्हणतात," काका आनंदानं म्हणाले.

तोवर मला वाटायचं, ते गाणं कुणी रचलेलंच नाही. चूल जशी घरात असते तसं ते असतं. त्याला कवी आहे, त्याचं नाव इस्तारी आहे, तो गावोगाव फिरायचा, हे मला अमेरिकेत येऊन कळलं. आणि लंकेचंही तेव्हाच कळलं.

लंकेची गोष्ट काका अशी सांगायचे. दीक्षेनंतर काही वर्षांनी शाहीर इस्तारीची पार्टी लंकेत गेली. बौद्धांचा कसला तरी मोठा मेळावा होता. धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, पुढं बोट. ढोलकीवर काकांचे बाबा. मेळावा संपला आणि शाहीर तापानं आजारी पडला. दक्षिणेकडच्या एका विहारात या माणसांना ठेवून घेतलं. शेजारी शिक्षक तयार करायची शाळा होती. शाहीर बरा होईस्तोवर महिने गेले, आणि त्या महिन्यांत त्यानं तिथल्या मास्तर-मास्तरणींना आपली गाणी शिकवली. विहारातल्या एका भन्तेजींनी ती त्यांच्या भाषेत घातली. परत निघाले तेव्हा शाळेतली सगळी मंडळी रस्त्यावर उभी राहून त्यांच्या भाषेत हे इस्तोचं गाणं म्हणत होती.

"आणि हे बाबांनी वस्तीत येऊन सांगितलं," काका म्हणायचे, "तर लोक हसले. म्हणे, भंडाऱ्यात कोणी ओळखत नाही आणि लंकेत गातात! शाहीर लवकर मेला. राहिले बाबा एकटे, सांगत. लोकांनी नाव ठेवलं, लंका रामटेके. मी शाळेत जायचो तर पोट्टे ओरडायचे, लंकेचा पोरगा आला रे! बाबा मरेपर्यंत म्हणत होते, मी खोटं बोलत नाही रे. मी खोटं बोलत नाही."

हे सांगताना काकांचा आवाज कधी बारीक व्हायचा नाही. उलट चढायचा. मग ते बोट वर करायचे आणि म्हणायचे, "पुरावा मिळेल! काहून नाही मिळणार? गाणं असं मरत नाही."

पुरावा शोधायची काकांची एकच पद्धत होती. दिसला श्रीलंकेचा माणूस की त्याला गाणं म्हणून दाखवायचं. आणि श्रीलंकेचा कोण, हे ठरवायची काही पद्धत नव्हती.

न्यू जर्सीत पेट्रोल आपण आपलं भरत नाही, पंपावरचा माणूस भरतो. हा काकांना राज्याचा सगळ्यात शहाणा कायदा वाटायचा, कारण टाकी भरेपर्यंत तो माणूस कुठं जाऊ शकत नाही. एकदा मी शेजारी बसले होते. काकांनी काच खाली केली, पंपावरच्या सावळ्या तरुणाकडे बघून "फ्रॉम श्रीलंका?" म्हणाले आणि उत्तर यायच्या आत टाळ्या वाजवत दोन कडवी म्हणून टाकली. तो नळी हातात धरून शांतपणे ऐकत राहिला.

"डू यू नो धिस साँग?"

"अंकल, मैं नेपाल से हूँ," तो म्हणाला. "पर गाना अच्छा है. और एक सुनाइए."

काकांनी सुनावलं. मागे चार गाड्यांची रांग.

स्टॅटन आयलंडवर श्रीलंकेच्या लोकांची हॉटेलं आहेत. काका काकूंना घेऊन नियमानं तिकडे जायचे. तिथं ते टेबलावर ठेका धरून गायचे आणि काकू पर्समधून गॉगल काढून घालायच्या. "मी यांच्यासोबत नाही, असं दिसावं म्हणून," त्यांनीच मला सांगितलं. मालक भला माणूस होता. नम्रपणे मान हलवायचा, "सॉरी अंकल, नेव्हर हर्ड," आणि बरोबर काहीतरी बांधून द्यायचा. रिटायर झाल्यावर काका खुद्द लंकेतही जाऊन आले. गावाचं नाव बाबांना आठवत नव्हतं, तेव्हा विचारणार कुठं? टूरवाल्या ड्रायव्हरला, हॉटेलच्या नोकरांना, देवळातल्या फुलवाल्यांना गाणं म्हणून दाखवलं. कुणालाच माहीत नव्हतं. "काकूनं समुद्र पाहिला," काका म्हणायचे, "मी ड्रायव्हर पाहिला."

आमच्या मराठी लोकांत या सगळ्याची थट्टा व्हायचीच. ओक ट्री रोडवर चहा प्यायला रिटायर मंडळी जमायची, त्यात कुलकर्णी डॉक्टर म्हणून काकांचे जुने दोस्त. इथल्या हॉस्पिटलात जन्म काढलेले, पुण्याचे, जिभेला धार. काका आत येताना दिसले की डॉक्टर हाक मारायचे, "या रामटेके! काय, लंकादहन कधी?"

सगळे हसायचे. एकदा काका खुर्ची ओढून बसत म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या गोष्टीतला लंकेत आग लावायला गेला होता. आमचा माणूस दिवा लावायला गेला."

डॉक्टरच सगळ्यांत आधी एवढे हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. "हे घ्या," ते म्हणाले, "आज चहा माझ्याकडून. पण रामटेके, पुरावा?"

"मिळेल!"

मला मात्र एका गोष्टीचं नवल वाटायचं. आमच्यापासून गाडीनं थोड्या अंतरावर श्रीलंकेच्या लोकांचा विहार होता. एक साधं घर, मागे मोठं अंगण. काका तिथं वर्षातून अनेकदा जायचे. तिथल्या भन्तेजींना त्यांनी गाणं म्हणून दाखवलेलं होतं आणि भन्तेजींनी हसून नाही म्हटलं होतं. ते कोलंबोकडचे. पण तिथला वेसाक, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेचा त्यांचा सण, काकांनी कधी पाहिलेला नव्हता. कारण त्याच शनिवार-रविवारी एडिसनच्या शाळेच्या हॉलमध्ये आमची बुद्धजयंती असायची, आणि आमच्या जयंतीत ढोलकी काकांची. एकाच बुद्धाचा एकच दिवस, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या हॉलमध्ये, आपापल्या माईकवर. इतकी वर्षं कुणाला हे सुचलं नाही की त्या दिवशी एकमेकांकडे जावं.

त्या वर्षी हॉल मिळाला नाही. आमचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यात ढकलला. काकू म्हणाल्या, "पांढरी साडी इस्त्री करून ठेवलीय. विहारात तरी जाऊ." मी तेव्हा नोकरीला लागले होते, माझी गाडी होती. पण काका म्हणाले, "माझ्याच गाडीतनं चला, डिकीत ढोलकी आहे."

अंगणात कागदाचे कंदील टांगलेले, दुपारच्या वाऱ्यात सगळे एका बाजूला झुकलेले. सगळे लोक पांढऱ्या कपड्यांत. येईल त्याला नारळाच्या दुधातला भात वाढत होते, ओळख न विचारता. मुलांची पहिली टोळी उभी राहिली, गायली, आणि गाणं संपताच काकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. समोरच्या दोन म्हाताऱ्या मागे वळल्या. काकूंनी त्यांचे हात धरून खाली दाबले. "इथं टाळ्या नसतात. साधू, साधू, साधू म्हणायचं."

"टाळी नाही तर गाणं कसलं?" काका पुटपुटले. दोन-तीन गाण्यांनंतर ते कंटाळले. "फार संथ गातात गं हे. झोप येते."

मग दुसरी टोळी आली. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, पुढे एक दोन वेण्यांची. बाजूला पांढऱ्या साडीतल्या वयस्कर बाई, केस घट्ट बांधलेले, एका बोटानं सगळ्यांना सांभाळणाऱ्या. त्या चंद्रा टीचर, हे नंतर कळलं. गाणं सुरू झालं. ढोलकी नाही, टाळी नाही. एक ओळ, मग थोडं थांबणं, मग पुढची ओळ. त्या थांबण्यात मला तंबाखूचा वास आला.

मी काकांचा दंड धरला. "काका. ऐका."

"ऐकतोय ना. छान आहे."

"छान नाही हो! काका, हे आईचं गाणं आहे!"

"कोणाच्या आईचं?"

"माझ्या! इस्तोचं! इस्तारीचं!"

काकांनी डोळे मिटले. त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका शोधायला लागली. सापडेना. ते त्यांच्या उडत्या चालीत ते गाणं शोधत होते आणि हे गाणं तिथं नव्हतंच. त्यांनी मान हलवली. "नाही पोरी. उगाच भास होतो आपल्याला."

इतकी वर्षं ज्या माणसानं नेपाळच्या पोरालाही सोडलं नाही, तो आता समोर आलेल्या गाण्याला नाही म्हणत होता! मला राग आला. मी त्यांच्या कानाशी वाकून, त्या मुलींच्या बरोबरीनं, आईसारखं ओढून म्हणायला लागले. कोणी... देईना... इस्तो... माझे शब्द त्यांच्या सुरावर एकेक करून बसत गेले. काकांचं बोट गुडघ्यावर थांबलं.

तेवढ्यात शेवटचं कडवं आलं. दोन वेण्यांची मुलगी एक पाऊल पुढं सरकली, आणि तिनं डावा हात उचलून कानावर ठेवला. शाहीर ठेवतो तसा. मागच्या मुलींनी तिच्या ओळीचं शेपूट धरलं आणि तिला झील दिली.

रामटेके काका उभे राहिले. भर कार्यक्रमात, सगळे बसलेले असताना. काकूंनी त्यांचा झब्बा खाली ओढला नाही. त्याही उभ्या राहिल्या.

कार्यक्रम संपताच काका चंद्रा टीचरांपुढं जाऊन उभे. धाप लागलेली. "टीचर, हे गाणं कुठलं?"

"आमचं," टीचर म्हणाल्या. बोलणं इंग्लिशमध्ये चाललं होतं. "आमच्या भागातलं. फार जुनं. मला माझ्या टीचरनं शिकवलं, तिला तिच्या टीचरनं."

"तुमचा भाग म्हणजे दक्षिणेकडचा? तिथं शिक्षकांची शाळा होती?"

"अजून आहे. माझी टीचर तिथंच शिकली. का?"

"हे आमचं आहे!" काका एवढ्या जोरात म्हणाले की भाताच्या टेबलापाशी लोक थांबले.

टीचरांचा चेहरा आक्रसला. जन्मभर मुलांना शिकवलेली बाई. तिच्या समोर एक उंच अनोळखी म्हातारा येतो आणि गाण्यावर हक्क सांगतो. "सर," त्या थंडपणे म्हणाल्या, "वेसाकला असं बरेच जण म्हणतात. तुम्हाला सिंहली येते?"

"एक शब्द नाही."

"मग?"

काकांनी हात जोडले. "तुम्ही एकेक कडवं म्हणा. अर्थ सांगू नका. अर्थ मी सांगतो."

लोक जमा झाले. टीचरांनी दुसरं कडवं म्हटलं. काका म्हणाले, "ती देवळाच्या दारी जाते. पुजारी म्हणतो, तुझी सावली पडेल." टीचरांनी शेजारच्या बाईकडे बघितलं. पुढचं कडवं. "ती सावकाराच्या दारी जाते. तो म्हणतो, निखाऱ्याच्या बदल्यात काय देशील?" आता टीचर थांबून थांबून म्हणू लागल्या, जणू पुढचं कडवं सांगावं की नाही असं. काका म्हणाले, "हे मालगुजाराचं दार. मोठा जमीनदार. तो कुत्रं सोडतो."

"नाही!" टीचर एकदम उजळल्या. "चुकलात! नारळाच्या बागेचा मालक आहे तो!"

"कुत्रं सोडतो की नाही?"

टीचरांनी मुलींकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "सोडतो."

मालगुजाराचं दार समुद्रापलीकडे जाऊन नारळबागेच्या मालकाचं झालं होतं. कुत्रं मात्र तेच राहिलं होतं.

"आणि शेवटच्या कडव्यात," काकांचा आवाज आता फुटायला लागला होता, "तिची चूल पेटते. मग सगळ्यांच्या चुली विझतात. ज्यांनी दारं लावली ते सगळे तिच्या दारी येतात. आणि ती दार उघडते. ती लावत नाही."

टीचरांनी साडीचा पदर तोंडाला लावला.

"आणि टीचर, तो कानावर हात? तो काहून?"

"असंच करायचं असतं. पुढं गाणारीनं, शेवटच्या कडव्याला. आमच्या भागातल्या सगळ्याच टोळ्या करतात. दुसऱ्या भागातले लोक आम्हाला हसतात, म्हणतात तुमच्या मुलींचे कान दुखतात का." त्या थांबल्या. "का करतात, हे मी माझ्या टीचरला विचारलं होतं. तिलाही माहीत नव्हतं."

काका वळले आणि पार्किंगकडे पळत सुटले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरा झब्बा, खाली बुटांत बर्फातले जाड मोजे. दुलई उलगडत ढोलकी घेऊन आले. विहाराच्या आत नाही, अंगणाच्या कडेला गाड्यांच्या मध्ये उभे राहून त्यांनी बाबांच्या ढोलकीवर थाप मारली, एक हात कानावर ठेवला, आणि इस्तारीचं गाणं त्याच्या मूळ चालीत सोडलं. दोन वेण्यांची मुलगी पुढं आली, ऐकलं, आणि मैत्रिणीला ओरडली, "ओ माय गॉड, इट्स द फास्ट व्हर्जन!"

"नो, नो!" काका गाणं थांबवून म्हणाले. "धिस इज द ओरिजिनल!"

मुली हसल्या आणि झील धरली. पहिल्या झटक्यात. त्यांना शिकवावं लागलं नाही. भन्तेजी पायरीवर उभे होते. टाळ्या कुणी वाजवल्या ते मला माहीत नाही, पण वाजल्या.

चंद्रा टीचर एका बाजूला उभ्या होत्या. काका त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं आता पुन्हा "आमचं" होणार. पण काका म्हणाले, "टीचर, गाणं तुमचंच आहे. माझ्यापेक्षा जास्त मुलांना तुम्ही शिकवलं. फक्त नाव सांगत जा. शाहीर इस्तारी. आणि ढोलकीवर," इथं ते थोडे घुटमळले, "ढोलकीवर रामटेके."

"पुन्हा सांगा," टीचर म्हणाल्या, आणि मुलांना म्हणायला लावतात तशी त्यांनी दोन्ही नावं मोठ्यानं म्हणून पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला फोन केला. "घरी ये आणि तुझ्या आईला लाव. व्हिडिओवर." आई तिकडे संध्याकाळच्या उजेडात अंगणात बसलेली. बिड्या वळणं तिनं माझ्या पहिल्या पगाराला सोडलंय. काका पडद्यावर हात जोडून म्हणाले, "ताई, मी तुमच्या लेकीला म्हटलं होतं का तुम्हाला ताल ठाऊक नाही. लंकेत तुमच्याच तालात गातात. तुमच्या चालीवरूनच सापडलं. माझ्या चालीवर कधी सापडलं नसतं."

आई लाजली. "ताल कसला भाऊ," ती म्हणाली. "दम नव्हता."

"तापात शाहिरालेही दम नसेल," काका पुटपुटले. फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. एरवी लाल दिव्यावरही गाणारे काका मी असे पहिल्यांदाच पाहिले.

त्या आठवड्यात ओक ट्री रोडवर कुलकर्णी डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत काकांनी मोबाईल टेबलावर ठेवला. दोन वेण्यांची मुलगी, कानावर हात. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. मग उठून उभे राहिले आणि काकांना कडकडून मिठी मारली. "लंका जिंकलीत हो," ते म्हणाले. "चहा कुणाकडून?"

"तुमच्याकडून!"

रामटेके काका मागच्या हिवाळ्यात गेले. हृदयाचं दुखणं होतं, आधीपासून कळत होतं. म्हणून त्याआधीच्या वेसाकला आम्ही सगळे गेलो. एडिसनची बुद्धजयंती त्या वर्षी आम्ही घेतलीच नाही, सगळी मंडळी विहारातच. काकांना ढोलकी उचलवत नव्हती. ती कुलकर्णी डॉक्टरांनी मांडीवर घेतली. लहानपणी तबला शिकले होते म्हणे, हे आम्हाला इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. चंद्रा टीचर माईकवर आल्या आणि त्यांनी आधी सिंहलीत, मग इंग्लिशमध्ये, मग तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं, "गाणं शाहीर इस्तारी यांचं. महाराष्ट्र. ढोलकीवर रामटेके होते."

मुलींनी आधी संथ म्हटलं, मग उडतं. काका पहिल्या रांगेत फोल्डिंगच्या खुर्चीवर, अंगावर ढोलकीची ती जुनी दुलई. टाळी वाजू नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. शेवटचं कडवं आलं तेव्हा त्यांनी डावा हात सोडवून घेतला आणि हळूहळू कानापर्यंत नेला. मी मागच्या रांगेत होते. मला त्यांचा चेहरा दिसला नाही. कानावरचा तो हात तेवढा दिसला.

चंद्रा टीचरांची बहीण लंकेत, शिक्षकांची ती शाळा आहे त्याच गावात, मुलांची शाळा चालवते. आता तिथंही गाण्याआधी ही दोन्ही नावं सांगतात. शाहीर इस्तारीचं गाणं लंकेत गेलं होतं. रामटेके काकांचे बाबा खोटं बोलत नव्हते.